कंदील बाबांनी केला, नोंद मुलाच्या नावावर



दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा आठवून पाहा. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश येतो, 'उद्या सर्व विद्यार्थ्यांनी घरी तयार केलेला आकाशकंदील आणावा.' संदेश येतो संध्याकाळी सहाला. साडेसहाला बाबा दुकानात उभे असतात. घोटीव कागद, कार्डशीट, फेविकॉल, टिकल्या. रात्री अकराला आई शेवटची झिरमिळी चिकटवते, तेव्हा मूल केव्हाच झोपलेलं असतं. सकाळी तेच मूल तो कंदील दोन्ही हातांनी सांभाळत वर्गात येतं आणि आपण शिक्षक म्हणतो, "वा, किती सुंदर केलायस!"

असा संदेश मीसुद्धा पाठवला आहे. तिसरीचा वर्ग होता. वीस-बावीस कंदील आले. त्यातला एक इतका देखणा होता की मी तो थेट कार्यालयाच्या दारात लावला, कारण केंद्रप्रमुख येणार होते. आणखी एक कंदील होता. चौकट एका अंगाला कललेली, कागदावर खळीचे डाग, एका बाजूला तर चक्क वर्तमानपत्र लावलेलं. तो मी मागच्या खिडकीपाशी टांगला. ज्याचा होता तो मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, माझा उलटा टांगलाय." मी "बरं, करते नीट" म्हणाले आणि विसरून गेले.

चार दिवसांनी देखण्या कंदिलाच्या मालकाला मी सहज विचारलं, "या कोपऱ्यातल्या करंज्या कशा रे बसवल्यास?" तो जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला हात लावू दिला नाही. खराब होईल म्हणाले."

आता नोंदवहीत मी काय लिहिलं होतं ते सांगते. या मुलाच्या नावापुढे, कार्यानुभव विषयात, 'नीटनेटके व आकर्षक काम करतो.' आणि खिडकीतल्या कंदीलवाल्याच्या नावापुढे, 'कामात स्वच्छता आवश्यक.' एकाला न केलेल्या कामाची शाबासकी आणि दुसऱ्याला केलेल्या कामाची शिक्षा. तो दुसरा मुलगा पुढच्या वर्षी काहीच घेऊन आला नाही. विचारलं तर म्हणाला, "मला येत नाही."

म्हणून या लेखात घरी मुलांबरोबर वस्तू करताना मोठ्यांचे हात कुठे असावेत आणि कुठे नसावेत, एवढंच बोलायचं आहे. कृती आहेतच, पण त्या सगळ्या आपल्या घरात सापडतील अशा.

आधी कंदीलच घेऊ

पारंपरिक करंज्यांचा कंदील तिसरी-चौथीच्या मुलाला एकट्याने जमणार नाही. तो हट्ट सोडा. साधा चौकोनी डबा करायचा. त्याला सारख्या लांबीच्या बारा काड्या लागतात. बांबूच्या कामट्या मिळाल्या तर उत्तम, पण त्या मोठ्यांनी तासून द्याव्यात, कुसळ हातात गेलं की मूल तिथेच काम टाकून देतं. कामट्या नसतील तर खराट्याच्या जाड काड्या चालतात. खेड्यात असाल तर ज्वारीचं वाळलेलं ताट घ्या. त्याची वरची साल सोलून निघते, तिच्या काड्या होतात. आतला हलका पांढरा गाभा, म्हणजे भेंड, त्याचे छोटे तुकडे कोपऱ्यांना लावायचे आणि काड्या त्यात खुपसायच्या. दोरा नको, डिंक नको. आपल्यापैकी कितीतरी जणांनी लहानपणी याच्याच बैलगाड्या आणि चष्मे केले असतील. फक्त त्या सालीची कड ब्लेडसारखी कापते, तेव्हा सोलण्याचं काम तुमचं.

काडी पंधरा सेंटिमीटरची ठरवली तर बारा काड्यांना एकूण किती लांबी लागेल, हे मुलाला काढू द्या. 180 सेंटिमीटर. पट्टीने मोजून खुणा त्यानेच करायच्या. एखादी काडी आखूड होईल. होऊ द्या. चौकट बांधताना ती आपोआप ओरडून सांगते की मी आखूड आहे. तुम्ही सांगायची गरज नाही.

आता खरी गंमत. बारा काड्या बांधून डबा तयार होतो आणि तो उभाच राहत नाही. एका बाजूला कलतो. सरळ करा, दुसरीकडे कलतो. नेमक्या याच क्षणी घरातला मोठा माणूस 'आण इकडे' म्हणतो. माझी हात जोडून विनंती आहे, तेव्हा हात मागे घ्या. पाच मिनिटं थांबा. विचारायचंच असेल तर एवढंच विचारा, "कुठून हलतोय रे तो?"

मूल वेगवेगळ्या युक्त्या करतं. गाठी घट्ट करतं, आणखी डिंक ओततं, कुणी भिंतीला टेकवून ठेवतं. कधीतरी एखादी काडी तिरकी धरली जाते आणि तेवढी बाजू एकदम घट्ट होते. इथे आणखी एक शोध लागतो. पंधरा सेंटिमीटरची काडी तिरकी पुरतच नाही! समोरासमोरच्या कोपऱ्यांतलं अंतर जास्त असतं, साधारण एकवीस सेंटिमीटर. तिसरीच्या मुलाला वर्गमूळ सांगू नका, त्याला मोजू द्या. सहा बाजूंना सहा तिरक्या काड्या लावल्या की डबा पक्का होतो. चारच बाजूंना लावल्या तर थोडा वळतो, तेही त्याला हलवून पाहू दे. दिवा आत ठेवायला वरून जागा लागेल, ती तिरक्या काडीच्या बाजूने मिळते.

यामागचं कारण दाखवायचं असेल तर आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणा. अरविंद गुप्ता यांच्या काड्यांच्या या प्रतिकृती बऱ्याच शिक्षकांना माहीत आहेत. पुण्याच्या आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं, 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही मोफत आहेत. काड्यांचा गुल आधी मोठ्यांनी खरवडून टाकायचा. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे आणि दोन्ही टोकांतून काड्या खुपसायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौरस बोटाने ढकलला की लगेच तिरका होतो. घराच्या पत्र्याखालची कैची, विजेचा मोठा मनोरा, रेल्वेचा लोखंडी पूल, यांत त्रिकोणच त्रिकोण का दिसतात ते मूल आता स्वतः सांगेल. पाठ्यपुस्तकात त्रिकोणाला तीन बाजू असतात एवढं पाठ करून हे कळत नाही.

कागद लावायची वेळ आली की बाजू पंधराची, मग कागद केवढा? मुलं पंधराचाच कापतात आणि मग चिकटवायला कड उरत नाही. एक कागद वाया जातो. तो वाया गेलेला कागद फेकू नका, त्याच्या झिरमिळ्या होतात. दुसरा कागद मूल सतराचा कापतं.

खळ आणि गुठळ्या

डिंकाच्या बाटलीवर पैसे घालण्याआधी खळ करून पाहा. दोन चमचे मैदा किंवा कणीक आधी थंड पाण्यात कालवायची. गुठळी राहू द्यायची नाही. मग वाटीभर पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरं पातळ मिश्रण हळूहळू दाट आणि काचेसारखं दिसायला लागलं की उतरवायचं. गॅसपाशी तुम्ही, ढवळायला मूल. मुलाने थेट गरम पाण्यात पीठ टाकून पाहायचा हट्ट केला तर थोड्या पिठावर करू द्या. वरून शिजलेली आणि आत कोरडी अशी गुठळी तयार होते. ती फोडून दाखवा. पिठलं करताना आई एवढी का ढवळत असते, हा प्रश्न तिथेच सुटतो. ही खळ दोन दिवसांनी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. पूर्वी खळीत मोरचूद घालायचे, किडे लागू नयेत म्हणून. मोरचूद विषारी असतो. मुलं सोबत असताना तो घरात काढूच नका.

लगद्याची वाटी

हे काम पावसाळ्यात सुरू करू नका, वाळता वाळत नाही. थंडी संपता संपता किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत करा.

रद्दीचे नखाएवढे तुकडे करायचे. फाडायचे, कात्री घ्यायची नाही. फाडण्याने बोटांना जे काम मिळतं ते पहिली-दुसरीच्या मुलांना पेन्सिल धरताना उपयोगी पडतं, म्हणून या वयाच्या मुलांना भरपूर रद्दी द्या. तुकडे रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी खलबत्त्यात कुटायचे, फडक्यात पिळायचे. मूठभर मेथी वेगळी भिजवून वाटायची आणि लगद्यात मिसळायची. आपल्या आज्या-पणज्या अशाच लगद्याने टोपल्या लिंपत आणि धान्य-पीठ ठेवायला वापरत. मेथी भिजली की बुळबुळीत चिकट होते, म्हणून लगदा धरून राहतो, आणि कडू असल्यामुळे किडाही फिरकत नाही. घरात आजी असेल तर तिला विचारा. मी आतापर्यंत जितक्या घरांत हा प्रयोग सुचवला, तिथे आजीने कृती माझ्यापेक्षा चांगली सांगितली.

आता हा लगदा एका स्टीलच्या वाटीला लावायचा. आतून लावायचा की बाहेरून? मुलाला ठरवू द्या. जमलं तर दोन वाट्या घ्या, एकीला आतून आणि एकीला बाहेरून. लगदा वाळताना आकसतो. आतून लावलेला आकसून वाटीपासून सुटतो आणि अलगद बाहेर येतो. बाहेरून लावलेला आकसून वाटीलाच आवळून बसतो, बऱ्याचदा चिरतो. चार दिवस दोन्ही वाट्या गच्चीत किंवा अंगणात ठेवून मूल रोज बघायला जातं, हा या कृतीचा सगळ्यात मोठा भाग आहे. चार दिवस वाट पाहणं मोबाइल शिकवत नाही. शाडूच्या मातीच्या मूर्तीला तडे का जातात आणि ती उन्हात न ठेवता सावलीत का वाळवतात, हेही मग सांगावं लागत नाही. आपण सांगितलं तर मूल 'हो, वाटीसारखंच' म्हणतं.

वेळ नाही म्हणणाऱ्या पालकांसाठी

मला माहीत आहे, सगळ्या घरांत संध्याकाळ मोकळी नसते. कुणी कंपनीतून रात्री आठला येतं, कुणी दिवसभर शेतात वाकून येतं. त्यांच्यासाठी वेगळा वेळ काढायचा उपक्रम मी सांगतच नाही. पोळ्या करताना लिंबाएवढा कणकेचा गोळा मुलाच्या हातात द्या. चिमणी, साप, पाटा-वरवंटा, ट्रॅक्टर, जे होईल ते. तुमचं काम थांबत नाही आणि त्याचंही सुरू होतं. फक्त 'ही कसली चिमणी' असं म्हणू नका, एवढीच अट.

दुसरी कृती दहा मिनिटांची. हळद पाण्यात कालवून कागदावर फासा, वाळू द्या. मग काडीला कापूस गुंडाळून साबणाच्या पाण्याने त्यावर लिहायचं. पिवळ्यावर लाल अक्षरं उमटतात. साबणाऐवजी खायचा चुना थेंबभर पाण्यात घेतला तरी तसंच होतं, पण चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, तेव्हा तो मोठ्यांच्या हातात. लिंबाचा रस लावला की लाल पुन्हा पिवळं. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल का होतो, हे रोज कपडे धुणाऱ्या प्रत्येक आईने पाहिलेलं असतं. मूल या कागदाचं भेटकार्ड करतं, आपण त्याला आम्ल-आम्लारी म्हणतो. उन्हात हा रंग उडतो हे मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर आठवड्याने रडारड होते.

चित्र 'सुधारून' देऊ नका

कंदिलासारखीच गत चित्राची. पहिली-दुसरीतलं मूल कागदाच्या खालच्या कडेला जमिनीची रेघ ओढतं, वरच्या कडेला आकाशाची निळी पट्टी काढतं आणि मधली जागा पांढरी ठेवतं. आई म्हणते, "अरे, आकाश खालपर्यंत असतं," आणि स्वतः निळं रंगवून देते. गणपती काढला तर पोटातले मोदक बाहेरून दिसतात. आजी घरापेक्षा मोठी असते. डी.एड.ला आपण लोवेनफेल्डच्या चित्रकलेच्या अवस्था शिकलो, सात ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये जमिनीची रेघ, पोटातलं दिसणं आणि महत्त्वाच्या माणसाचा मोठा आकार हे सगळं अपेक्षितच आहे असं त्यात स्पष्ट होतं. परीक्षेत आपण ते लिहून गुणही मिळवले. वर्गात आल्यावर मात्र त्याच चित्राखाली आपण 'प्रमाणबद्धता नाही' असा शेरा देतो. 1937 च्या वर्धा परिषदेचं आणि नयी तालीमचंही तेच. हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी, हे वाक्य पाठ आहे, आणि वेळापत्रकात कार्यानुभवाच्या तासाला गणिताचा राहिलेला भाग घेतला जातो. मीही घेतला आहे.

चित्र पाहून काय बोलायचं, असं पालक विचारतात. 'छान' म्हटलं की बोलणं संपतं. त्यापेक्षा "ही एवढी मोठी कोण?" असं विचारा. आजी मोठी का आहे हे ऐकायला मिळेल, आणि ते कधी कधी चित्राहून जास्त महत्त्वाचं असतं.

मदत म्हणजे नेमकं काय

एका वर्षी मी संदेश बदलला. 'कंदील आणा' असं न लिहिता लिहिलं, 'कंदील सुट्टीभर घरी करा. मोठ्यांनी कापणे, तासणे, गॅस आणि विजेचं काम करावं, बाकी मुलाने. शाळा सुरू झाल्यावर कंदील आणि तो करताना काय मोडलं ते सांगायला या.' पहिल्या वर्षी पालकांना वाटलं बाईंचं काहीतरी चुकलं आहे. दोघांनी फोन करून विचारलं, मोडलंच नाही तर?

त्याच वर्षी एका मुलीने तिच्या आजोबांची गोष्ट सांगितली. तिला काड्यांची गाठ बसत नव्हती. आजोबांनी तिच्यासमोर एका कोपऱ्याला गाठ मारली, तिला दाखवली आणि पुन्हा सोडून टाकली. "आता तू मार" म्हणाले. तिला राग आला, कारण बांधलेली गाठ त्यांनी सोडली! तीन वेळा सुटली, चौथ्यांदा बसली. वर्गात तिने तीच गाठ सगळ्यांना सुतळीवर दाखवली. मला स्वतःला ती गाठ येत नव्हती. मी तिच्याकडून शिकले.

त्या आजोबांनी केलं ते सोपं नाही. नीट बसलेली गाठ सोडायला धीर लागतो. पण घरी मदत किती करायची या प्रश्नाला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही. करून दाखवा, सोडा, मग त्याच्या हाती द्या.

आणि शिक्षकांनो, नोंदी. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आपण वर्षानुवर्षं एकमेकांच्या वहीतून उतरवतो. 'कलेत रस घेतो', 'साहित्य व्यवस्थित हाताळतो'. चाळीस मुलांना चार वाक्यं फिरवून फिरवून. मोडलेल्याच्या गोष्टी ऐकायला लागल्यापासून माझ्या नोंदी आपोआप बदलल्या. 'चौकट कलत होती, तिरकी काडी लावून सरळ केली.' 'कागद लहान कापला, दुसऱ्यांदा कड सोडून कापला.' 'खळीत गुठळ्या झाल्या, फडक्यातून गाळली.' लिहायला वेळ लागतो हे खरं आहे, म्हणून मी एका दिवशी पाचच मुलांचं ऐकते. पण या नोंदीवर नाव झाकलं तरी मूल कोणतं ते ओळखता येतं.

ज्याला कंदिलाला हात लावू दिला नव्हता, त्याच्या बाबांशी मी पुढे पालकसभेत बोलले. सगळ्यांसमोर नाही, नंतर बाजूला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, तुम्ही दारात तोच लावला ना? मग आम्हाला वाटलं तसाच पाहिजे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता वर्गात सगळे कंदील एकाच दोरीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावते. कागदी कंदिलात पणती किंवा मेणबत्ती अजिबात नको, सेलवरचा छोटा एलईडी दिवा पुरतो. माळेची वायर आणि प्लग मोठ्यांनीच लावावा. आणि टांगण्याआधी प्रत्येकाला विचारा, वरची बाजू कोणती.